पाच विषयांची वाटणी

दुपारपर्यंत सगळं वाटून झालं होतं. बाळे गावाच्या शिवेवरचं काळं रान थोरल्या जोतीरामला गेलं, ओढ्याकडचं धाकट्या हिंदुरावला. विहिरीचं पाणी दिवसाआड. खिलारी जोडी फोडायची नाही म्हणून ती थोरल्याकडे, आणि तिच्या बदल्यात दोन्ही म्हशी धाकट्याकडे. घराच्या खोल्या इकडच्या याला, तिकडच्या त्याला; मधला सोपा कोंडीबाचा, तो आहे तोवर. भांडण असं झालंच नाही, आणि कोंडीबाला त्याचंच वाईट वाटत होतं. जोडायला जन्म गेला होता. निदान तोडताना पोरांनी आवाज तरी चढवायचा.

पंच म्हणून चाटी गल्लीतले कापडवाले मल्लिकार्जुनप्पा आले होते. कोंडीबाचे तरुणपणापासूनचे स्नेही. त्यांनी हात झटकले आणि पानाचा डबा उघडला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून जोतीरामची बायको रंभाबाई म्हणाली, "आन इद्येचं काय?"

"कसली विद्या, सूनबाई?" मल्लिकार्जुनप्पांनी विचारलं.

"धाकटीची. पुन्यास्नं पुडकी येत्यात न्हवं का. चार वर्सं ती वाचती आन मी भाकरी थापती. आता पुडल्या म्हैन्यात परीक्षा हाय. पास झाली की बीए हुनार. ती बीए तिची एकटीची कशी? माज्या भाकऱ्या हायत की त्यात."

सगळ्यांनी वच्छलाकडं पाहिलं. हिंदुरावची बायको वच्छला माढ्याच्या शाळामास्तरांची लेक. पुण्याचं बायकांचं विद्यापीठ घरी बसून अभ्यास करणाऱ्या बायकांनाही परीक्षेला बसू देत होतं, हे हिंदुरावनं मिलमधल्या कुणाकडून तरी ऐकलं आणि तिला बसवलं. पुण्यातल्या काही शिक्षकांची एक मंडळी होती, ती टपालानं धडे पाठवी. वच्छला उत्तरं लिहून धाडी, ती तांबड्या शाईनं भरून परत येत. अशानं ती पदवीच्या शेवटच्या परीक्षेपर्यंत आली होती. परीक्षा सोडली तर घराचा उंबरा त्यासाठी एकदाही ओलांडला नव्हता.

मल्लिकार्जुनप्पांनी पान तसंच हातात धरलं. "ह्याचा कायदा झालाय, सूनबाई. गेल्या सालीच. कोर्टात वकील बोलत होते. घरातल्या माणसानं शिकून जी कमाई केली ती त्याची एकट्याची. शिकायला घरचा पैसा लागला असला तरी."

"घरातल्या मानसानं," रंभाबाई म्हणाली. "आसं लिवलंय त्यात?"

"हौदु," मल्लिकार्जुनप्पा कानडीत होय म्हणाले. "तसंच."

"मग त्यात बाई येती का?"

हे मल्लिकार्जुनप्पांनी वकिलाला विचारलं नव्हतं.

"येत आसंल तर मी बी घरातलंच मानूस हाय," रंभाबाई म्हणाली. "आन येत नसंल तर तो कायदा तिला बी न्हाय."

कोंडीबानं सुनेकडं जरा कौतुकानं पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच वाटणीत काहीतरी बोलण्यासारखं निघालं होतं. तो सरसावून बसला. "आप्पा, हिचं चुकतंय कुटं, सांगा की."

मल्लिकार्जुनप्पांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "नोड्री, बघा, कायदा कमाईचा आहे. कमाई झाली तर ती हिची. पण अजून कमाई कुठंय? आज घरात आहे काय? कागद. कागद म्हणजे चीजवस्तू. आणि चीजवस्तू वाटता येते."

हिंदुराव इतका वेळ खाली मान घालून बसला होता. तो मिलच्या गुदामात कारकून होता आणि घरात सगळ्यात शिकलेला, म्हणून असल्या वेळी त्यानं काहीतरी बोलावं अशी वच्छलाची अपेक्षा होती. तो म्हणाला, "आप्पा म्हनत्यात ते बरोबर हाय."

वच्छला उठली, आत गेली आणि धड्यांची गाठोडी आणून घोंगडीवर ठेवली. मराठी, इंग्रजी, इतिहास, आरोग्यशास्त्र आणि मानसशास्त्र. एकेक विषय जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला.

जोतीरामनं एकेक उचलून पाहिलं. "इतिहास जड हाय. त्याच्या जोडीला हलकं कायतरी लावा."

"वजनावर न्हाय वाटायचं," कोंडीबा म्हणाला. "उपेगावर वाटायचं. पोरी, काय कशाला लागतं ते सांग."

वच्छलानं सांगितलं. थोरल्या दिरासमोर ती बोलत नसे, म्हणून सासऱ्याकडं तोंड करून सांगितलं. आरोग्यशास्त्र म्हणजे रोग कशानं होतात आणि कशानं टळतात ते. कोंडीबानं ते लगेच स्वतःकडं ओढलं. या घरात मरणाची घाई आपल्यालाच आहे, म्हणाला. इंग्रजी जोतीरामनं मागितलं, कारण कालव्याचा साहेब दर खेपेला त्याच्या तोंडावर इंग्रजीत काहीतरी बोलून जाई आणि ते चांगलं होतं की वाईट, हे त्याला अजून कळलेलं नव्हतं.

"आन ते मानस का काय ते?" रंभाबाईनं विचारलं.

"माणसाच्या मनात काय चालतं, त्याचं शास्त्र."

"ते आमाला," रंभाबाई म्हणाली. "माज्या मनात काय चालतं ते ह्या घरात आजवर कुनी इचारलं न्हाय."

उरलेले मराठी आणि इतिहास हिंदुरावकडं आले. तो म्हणाला, कुठलंही चालेल.

"वाटणी मला मान्य आहे, मामंजी," वच्छला म्हणाली. "पण परीक्षा मला पाचीची द्यायची आहे. वाचायला मागता येतील ना?"

मल्लिकार्जुनप्पांनी निवाडा दिला, की ज्याच्या घरी जे आहे ते त्याच्या घरी बसून, त्याच्या देखत वाचावं. बाहेर न्यायचं नाही. एवढ्यात टपालवाला दारात आला. मानसशास्त्राचा नवा धडा होता. त्यानं तो वच्छलापुढं धरला, तर जोतीरामनं मध्येच हात घातला.

"पत्ता बाईंचा आहे," टपालवाला म्हणाला.

"पत्ता बाईंचा, माल थोरल्याचा," मल्लिकार्जुनप्पा म्हणाले. "इथून पुढं विषय विचारून देत चला."

टपालवाल्यानं पाकिटाकडं, मग बसलेल्या सगळ्यांकडं पाहिलं, आणि ते जोतीरामच्या हातात देऊन तो सायकलवर बसला.

*

पहिले दोन दिवस रंभाबाई वच्छलासमोर नुसती पहारा देत बसली. वच्छला उंबऱ्याशी बसून मनात वाचायची आणि रंभाबाई तिच्या ओठांकडं बघायची. तिसऱ्या दिवशी तिला राहवेना.

"कागद तितंच ठेव. आन डोस्क्यात बी लई नेऊ नगंस."

"वाचल्यानं कागदावरचं कमी होत नाही, अक्का."

"तू नेलंस किती, ते मला कसं कळावं? मोठ्यानं वाच. आमच्या वाट्याचं हाय, आमच्या कानावर तर पडू दे."

म्हणून वच्छला मोठ्यानं वाचू लागली. सवय म्हणजे काय, लक्ष कशानं लागतं, आठवण का राहते आणि का जाते. रंभाबाई तूर पाखडत ऐकायची. एकदा धड्यात आलं, की माणूस ज्या गोष्टीवरून रागावलेला दिसतो, ती गोष्ट बहुधा त्याच्या रागाचं खरं कारण नसते. सूप थांबलं.

"पुन्ना वाच."

वच्छलानं पुन्हा वाचलं.

"म्हंजे परवा मी मांजराला फुकनी फेकून मारली, ते मांजरावरनं न्हवं."

"नसेल, अक्का."

"मग कशावरनं?"

"ते तुम्हालाच ठाऊक."

रंभाबाईनं सूप खाली ठेवलं. "मला तुजा राग हुता की," ती म्हणाली. "भाकरीचा न्हवं. तुला पुडकं आलं की सगळी म्हनायची, वच्छलाचं टपाल आलं. माज्या नावानं ह्या जल्मात कायबी आलेलं न्हाय." मग तिनं सूप उचललं. "वाच पुडं. कसं बरोबर लिवलंय मेल्यांनी."

त्या दिवसापासून वाटणी विसरून ती वच्छलाची वाट बघायला लागली. तिनं शास्त्र वापरायलाही काढलं. जोतीराम जेवताना आमटीला नावं ठेवू लागला की ती शांतपणे विचारायची, "खरं कारन काय हाय तुमचं?" पहिल्या वेळी जोतीरामनं आमटी खारट आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्या वेळी तो घास हातात धरून विचारात पडला.

इंग्रजीचं काम जास्त अवघड होतं. जोतीराम सोप्यात दोर वळत बसे. वच्छला आतून वाचायची, आणि थोरल्या दिराशी थेट बोलायचं नाही म्हणून ते रंभाबाईच्या तोंडून पोचायचं.

"अक्का, त्यांना सांगा, 'बट' म्हणजे 'पण'."

"ऐकलं का, बट म्हंजे पन."

"कसं लावायचं म्हनावं ते?" जोतीराम विचारायचा.

"कसं लावायचं म्हनत्यात."

"आधी एक बोलायचं, मग बट म्हणायचं, मग त्याच्या उलट बोलायचं."

"हे तर ते आदीपासनंच करत्यात," रंभाबाई म्हणाली, पण निरोप पोचवला.

जोतीरामला तो शब्द फार आवडला. पुढं कालव्याच्या साहेबानं पाण्याची पाळी चुकली म्हणून काहीतरी इंग्रजीत सुनावलं, तेव्हा जोतीराम सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "बट." आणि थांबला. साहेबही थांबला. पुढं काय येतंय याची त्यानं बरीच वाट पाहिली, आणि मग पाणी सोडायला सांगून निघून गेला.

आरोग्यशास्त्र कोंडीबाला वच्छला सोप्यात वाचून दाखवायची. त्यानं उकिरडा विहिरीपासून दूर हलवायला लावला. पाणी उकळायला लावलं. दोन्ही घरांच्या भिंतींना खिडक्या पाडून घेतल्या. भिंती पोरांच्या असल्या तरी वारा माझा आहे, असं त्याचं म्हणणं. मल्लिकार्जुनप्पा भेटायला आले आणि सवयीनं कोपऱ्यात पिंक टाकली, तर त्यानं जुन्या स्नेह्याच्या हातात फडकं दिलं आणि पुसून घेतलं. मल्लिकार्जुनप्पांनी पुसलं, पण म्हणाले, "हा विषय तुला द्यायला नको होता, आण्णा."

*

हिंदुराव संध्याकाळी मिलमधून आला, की दादाच्या बाजूनं हसण्याचा आवाज यायचा. त्याच्या बाजूला चूल पेटलेली असायची, ताट वाढलेलं असायचं, आणि वच्छला हात पुसत पलीकडून यायची.

आपले दोन विषय त्यानं पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावलं होतं. किल्ली करदोट्याला. थोरल्या घरातून कुणी हात घालू नये, एवढाच हेतू होता. पण दिवसभर किल्ली त्याच्याबरोबर मिलमध्ये असे, आणि तो यायचा तेव्हा वच्छलाला स्वयंपाक असे.

"किल्ली ठेवून जात जा," ती म्हणाली. "इतिहास पुष्कळ राहिलाय."

"इतिहास कुटं पळून जातोय? झालेलीच गोष्ट हाय ती."

"परीक्षेत ती मला सांगता आली पाहिजे."

"दादाच्या वाट्याचं आधी उरक. ते परक्याचं हाय. आपलं काय, घरातच हाय."

तिनं भाकरी वाढली. हिंदुराव जेवला. मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "तुला अभ्यासाला बसवली कुनी? मी. त्या टायमाला ही सगळी नावं ठेवत हुती. टपालाची तिकिटं मी आनली. आता तू त्यांच्यातच बसून हसतीस."

"तुम्ही कधी एक पान तरी वाचून दाखव म्हणालात का?"

त्याला हे अपेक्षित नव्हतं. मिलमध्ये तो सगळ्यांना सांगायचा, आमची मंडळी बीए होणार. तिथल्या साहेबालाही सांगून झालं होतं. पण पुडकं फोडून आत काय आहे, हे त्यानं खरंच कधी पाहिलं नव्हतं.

"मला काय कळनार त्यातलं," तो म्हणाला.

"अक्कांना कळतं."

ते त्याला फार लागलं. दुसऱ्या दिवशीही तो किल्ली घेऊनच गेला.

*

परीक्षेला पुण्याला जायचं ठरलं तेव्हा कोंडीबानं सांगितलं, की ज्याचा माल परीक्षेला चाललाय त्यानं बरोबर असलं पाहिजे. त्यामुळं सगळं घर गाडीत बसलं. वाटणी झाल्यापासून ते एकत्र असे पहिल्यांदाच कुठं निघाले होते, आणि कुर्डुवाडीपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही. मग रंभाबाईनं दशम्या सोडल्या, आणि कोंडीबा सगळ्यांना हात धुऊन या म्हणाला.

इंग्रजीच्या पेपराच्या दिवशी जोतीराम परीक्षेच्या इमारतीसमोर निंबाखाली बसून राहिला. तिथल्या शिपायानं हटकलं, बायकांच्या परीक्षेपुढं पुरुषांचं काय काम.

"माजा विषय हाय आत," जोतीराम म्हणाला.

शिपायाला कळलं नाही. त्यानं आणखी खडसावलं. जोतीराम शांतपणे "बट" म्हणाला, आणि बसून राहिला.

मानसशास्त्राच्या दिवशी रंभाबाई बसली. वच्छला बाहेर आली तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, रागाचं आलं होतं का. आलं होतं. मांजराचं उदाहरण दिलंस का, तिनं विचारलं. दिलं होतं. रंभाबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि मग धुळीचं निमित्त केलं.

इतिहासाच्या दिवशी हिंदुराव आलाच नाही. मिलमध्ये रजा नव्हती म्हणून तो आधीच्या गाडीनं परतला होता. वच्छला त्या दिवशी लवकर बाहेर आली. कोंडीबानं कसं गेलं म्हणून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "शाई पुष्कळ उरली."

निकाल आला तो दिवस अमावस्येचा, मिलला सुट्टी होती. टपालवाल्यानं दारात उभं राहून विचारलं, हे पाची विषयांचं एकच कार्ड आहे, तर कुणाला देऊ. शेवटी कोंडीबाला दिलं आणि वच्छलानं सोप्यात उभं राहून वाचून दाखवलं. आरोग्यशास्त्र पास. इंग्रजी पास. मानसशास्त्रात चांगले गुण. मराठी पास. इतिहासात नापास, तेवढा एक विषय दिवाळीच्या सुमाराला पुन्हा देता येईल.

"आमचे दोन्ही पास," रंभाबाई म्हणाली.

"माजा बी," कोंडीबा म्हणाला.

मग सगळे हिंदुरावकडं वळले. कुणी रागावलं नव्हतं. एखाद्याच्या रानात सगळ्यांच्या आधी पेरलेलं उगवू नये, तशा नजरेनं ते बघत होते, आणि हिंदुरावला ते शिव्यांपेक्षा जड गेलं. मल्लिकार्जुनप्पांना बोलावणं धाडलं. ते आले, कोपऱ्याकडं एकदा पाहून पान न खाता बसले, आणि सगळं ऐकून म्हणाले, "रान पडीक ठेवलं तर भावानं कसायला मागावं, अशी रीत आहे. इतिहास थोरल्या घरी अर्धेलीनं, निम्म्या वाट्यानं द्यावा."

"मी घेती," रंभाबाई लगेच म्हणाली. "दिवाळीपातूर मी करून घेती तिच्याकडनं."

हिंदुराव उठला. आत गेला, पत्र्याची पेटी उचलून आणली आणि सोप्यात मधोमध ठेवली. कुलूप काढलं. मग ती पेटी उचलायला जोतीराम पुढं आला, तर त्यानं तिच्यावर हात ठेवला.

"दादा, न्हाय द्यायचा मी. माजा हाय." त्यानं पेटी आपल्याकडं ओढली. "मी ऐकतो. पयल्यापासनं वाचू दे तिला. मला कळंल का, ठाव न्हाय."

जोतीरामनं भावाकडं पाहिलं. वाटणी झाल्यापासून तो त्याच्याशी सरळ बोलला नव्हता. "बट ऐक की तू," तो म्हणाला. "न कळाया काय झालं."

वच्छलानं फडक्याची गाठ सोडली आणि पहिलं पान काढलं. नवऱ्याशी ती चारचौघांत बोलत नसे. पण त्याच्याकडं बघून म्हणाली, "मधेच झोपायचं नाही." आणि वाचायला लागली. हिंदुराव भिंतीला टेकला नाही. मल्लिकार्जुनप्पा उठता उठता परत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वच्छला परसात वाळवण राखत होती. रंभाबाई आली आणि तिच्याशेजारी बसली.

"आता आमच्या विषयाचं झालं म्हनायचं," ती म्हणाली.

"झालं, अक्का. पास झालो आपण."

"त्येच म्हनती मी. आपन बीएचं केलं. बीएच्या आधी काय आसतं?"

"मॅट्रिक."

"आन त्याच्या आधी?"

"मराठी सातवी."

"त्याच्या आधी?"

"चौथी, तिसरी. मग बिगरी."

"बिगरीत काय करत्यात?"

"अक्षरं काढतात. अ, आ."

रंभाबाईनं वाळवणावरचा कावळा हाकलला. मग म्हणाली, "मला तितनं लाव. वरचं कळलंय, खालचं ऱ्हायलंय."

वच्छलानं काटकी उचलली आणि मातीत अ काढला. रंभाबाई पदर सावरून पुढं झुकली, डोळे बारीक करून त्याच्याकडं बघत राहिली.

"जरा मोठा काड," ती म्हणाली.